सोळाचा आकडा: मुळ्यांच्या टोकाच्या नोंदी

३ फेब्रुवारी २०२५

प्रोजेक्टचा विषय द्यायची आज शेवटची तारीख. वर्गातल्या अर्ध्या पोरांनी गांडूळखत घेतलं, उरलेल्यांनी बोअरच्या पाण्याची तपासणी. मी सरांना म्हणलं मला कापसाचे क्रोमोसोम मोजायचेत, म्हणजे पेशीच्या केंद्रकातले डीएनएचे धागे. कारण साधंच, गावाकडं आमचा कापूस, आजोबांच्या काळात देशी होता आता सगळा अमेरिकन, आणि पुस्तकात वाचलं होतं की देशी कापसाच्या पेशीत २६ क्रोमोसोम असतात आणि अमेरिकनच्या पेशीत बरोबर दुप्पट, ५२. दोघांचा संकर केला तर ३९ वालं झाड येतं आणि ते वांझ निघतं, कारण ३९ च्या जोड्याच नीट लागत नाहीत. हे वाचल्यापासून डोक्यात बसलं होतं की एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं.

सर म्हणाले कापसाचे क्रोमोसोम लई बारके, त्यात मुळ्या तपकिरी पडतात, रंग नीट चढत नाही, आधी कांद्याचे १६ मोजून दाखव मग कापसाचं बघू. मला जरा अपमान झाल्यासारखं वाटलं, कांदा तर सगळेच करतात. तरी घरी येऊन वहीच्या पहिल्या पानावर मोठा १६ लिहिला आणि त्याला लाल पेनानं गोल केला.

५ फेब्रुवारी

सहा कांदे, सहा ग्लास. बुडाच्या जुन्या वाळक्या मुळ्या ब्लेडनं खरवडल्या पण बुडखा कापला नाही, बुडखा गेला की मुळी कुठून फुटणार. कांद्याला तीन बाजूंनी आगपेटीच्या काड्या टोचून ग्लासाच्या काठावर टेकवलं, पाणी फक्त बुडाला टेकेल एवढंच, वर आलं की कांदा सडतो. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून मग वापरलं.

मी इथं परभणीत मामाकडं राहते. मामी बघून म्हणल्या, "भाजीचे कांदे पाण्यात बुडवायलीस व्हय गं, अन् ग्लास पण चांगले घेतलेस पाहुण्यातले." दोन ग्लास बदलून दिले.

८ फेब्रुवारी

चार कांद्यांना मुळ्या आल्या, पांढऱ्याशुभ्र, दोन सेंटिमीटरच्या आसपास. दोन कांदे तसेच रुसून बसलेत.

सकाळी लवकर लॅबमध्ये गेले फिक्सेटिव्ह बनवायला. तीन भाग अल्कोहोल, एक भाग ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड. ॲसिडची बाटली उचलली तर आतलं हलेचना! दगडासारखं गोठलेलं. मला वाटलं खराब झालं. लॅबवाले काका म्हणाले, "खराब नाही, थंडी वाजायली त्याला." खरंच, ग्लेशियल ॲसिड साधारण १६.६ अंशालाच गोठतं आणि परभणीची सकाळ त्याच्या पार खाली जाते. ग्लेशियल नाव का ते आज कळलं, तीन वर्षं नुसतंच लिहीत होते. बाटली कोमट पाण्याच्या बादलीत ठेवली, अर्ध्या तासानं वितळलं.

मुळ्या कापून फिक्सेटिव्हमध्ये टाकल्या, २४ तास. ह्याचं काम एवढंच की पेशी ज्या अवस्थेत आहे तशीच जागच्या जागी थांबवायची. मारायचीच खरं तर, पण मोडू द्यायची नाही.

१० फेब्रुवारी

पहिली स्लाइड. वॉच ग्लासमध्ये ॲसिटोकारमाइनचे नऊ थेंब आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडचा एक थेंब, त्यात मुळी, आणि स्पिरिट दिव्यावरून हलकं हलकं गरम. उकळू द्यायचं नाही. ॲसिडमुळं पेशी-पेशींना चिकटवणारं पेक्टिन सुटतं आणि कारमाइन डीएनए असलेल्या जागेला लाल करतं. (हे कारमाइन किड्यापासून काढतात, कोचिनील म्हणून किडा असतो. मामींना सांगितलं नाही.)

मग स्लाइडवर मुळी, कव्हर स्लिप, वर टिपकागद आणि अंगठ्यानं सरळ दाब. अंगठा बाजूला सरकला की सगळ्या पेशी गुंडाळल्या जातात, माझ्या पहिल्या तीन स्लाइड अशाच गेल्या. चौथी जमली. मायक्रोस्कोपखाली लांबट लांबट पेशी, प्रत्येकीत एक गोल लालसर केंद्रक. बस. सगळ्या इंटरफेज, म्हणजे दोन विभागण्यांच्या मधल्या काळातल्या. शंभर पेशी बघितल्या, दोनशे बघितल्या, एकही विभागणारी नाही. पुस्तकातल्या चित्रात तर एका नजरेत सगळ्या अवस्था दिसतात. चित्रवाल्याचा राग आला.

११ फेब्रुवारी

परत तेच. सहा स्लाइड, शून्य. शेवटी सर मागं येऊन उभे राहिले आणि बघत राहिले मी काय करायले ते. रंगातून मुळी काढली, टोक जास्तच काळं-लाल दिसत होतं, मी सवयीनं ब्लेडनं ते टोक कापून बाजूला केलं आणि उरलेली स्वच्छ मुळी स्लाइडवर घेतली.

सर म्हणाले, "ते टोक का फेकलंस?"
"सर ते जळालंय."
"जळालं नाही बाई, तेवढंच जिवंत होतं."

मुळी वाढते ती फक्त टोकाच्या एक-दोन मिलिमीटरमध्ये. तिथं पेशी बारक्या, एकमेकीला खेटून, प्रत्येकीत केंद्रक मोठं, म्हणून रंग जास्त धरतात आणि टोक काळं दिसतं. त्याच्या वरच्या पेशी नुसत्या लांब होतात, विभागायचं त्यांनी सोडलेलं असतं. म्हणजे दोन दिवस मी नेमकं पाहिजे ते ब्लेडनं कापून कचऱ्यात टाकलं आणि जे नको ते मन लावून बघितलं. टाकलेलं टोक टेबलावरून सुईनं उचललं, त्याचीच स्लाइड केली.

दिसलं! पहिल्याच नजरेत एक ॲनाफेज. दोन्हीकडं लाल धाग्यांचे झुपके, एकमेकांपासून दूर निघालेले, मधे मोकळी जागा, आणि प्रत्येक धाग्याचा एक बिंदू पुढं अन् टोकं मागं लोंबलेली. दोरीला मधोमध धरून ओढलं की दोन्ही टोकं कशी मागं फरफटत येतात, अगदी तसं. तो पुढचा बिंदू म्हणजे सेंट्रोमिअर, तिथंच स्पिंडलचे, म्हणजे क्रोमोसोमला दोन्ही बाजूंना ओढणारे, धागे पकडतात. हे वाक्य मी परीक्षेत चार वेळा तरी लिहिलं असेल. घरी चालतच आले, रिक्षाची आठवणच नाही झाली.

१५ फेब्रुवारी

आज मोजणी. एकाच स्लाइडवर जागा बदलत बदलत ५०० पेशी. विभागणीच्या चार अवस्था ओळीनं, आलेलं असं: प्रोफेज (धागे जाड व्हायला लागतात) २९, मेटाफेज (मधोमध रांग लागते) ८, ॲनाफेज (दोन्हीकडं ओढले जातात) ४, टेलोफेज (दोन केंद्रकं होतात) ६. एकूण ४७, म्हणजे ९.४ टक्के. बाकी ४५३ पेशी इंटरफेजमध्ये.

हे आकडे नुसते भरायचे नसतात, ते घड्याळ आहे. जत्रेत वरून एक फोटो काढला तर ज्या दुकानापुढं लोक जास्त वेळ थांबतात तिथंच जास्त गर्दी दिसणार. फोटोत घड्याळ नाही तरी वेळ कळतो. ॲनाफेज चारच सापडले म्हणजे ॲनाफेज पटकन उरकतो, प्रोफेजला वेळ लागतो. आणि इंटरफेजला लोक विश्रांती म्हणतात ते मला आता पटत नाही, कारण डीएनएची दुसरी प्रत तेव्हाच तयार होते. प्रोफेज दिसायच्या आधीच प्रत्येक क्रोमोसोम दुहेरी झालेला असतो, दोन क्रोमॅटिड मधे एका जागी धरलेले. विभागणी म्हणजे फक्त वाटणी. माल आधीच तयार होता.

१८८२ ला वॉल्थर फ्लेमिंगनं सॅलमँडरच्या पेशी बघून ही सगळी भानगड काढली आणि मायटोसिस हे नाव दिलं. त्याच्याकडं मोबाईल नव्हता, हातानं चित्रं काढली. मी आज एक मेटाफेज हातानं काढून बघितला, वीस मिनिटं लागली आणि तो शेंगदाण्याच्या चिक्कीसारखा दिसतोय.

१८ फेब्रुवारी

टेलोफेजमध्ये एक गोष्ट नीट बघितली. प्राण्याच्या पेशी मधे आवळल्या जातात, पिशवीला दोरी बांधल्यासारख्या, पण कांद्याची पेशी आवळत नाही. तिला बाहेरून कडक भिंत. मग मधोमध एक पुसट रेघ उमटते आणि ती आतून बाहेर, कडेपर्यंत वाढत जाते. भावाभावात वाटणी झाली की घराच्या मधे भिंत घालतात तसं. मामा म्हणाले भिंत घालायला आमच्या गावात दहा वर्षं कोर्टात लागली.

उद्या शिवजयंती, कॉलेज बंद.

२० फेब्रुवारी

आता खरं काम, १६ मोजायचे. आणि इथंच अडलंय. मेटाफेजमध्ये क्रोमोसोम सगळ्यात जाड अन् आखूड असतात म्हणून मोजायला हीच अवस्था, पण ते सगळे पेशीच्या मध्यावर एका रांगेत दाटीनं उभे राहतात, बाजूनं बघितलं की नुसती एक लाल पट्टी. त्यात १६ आहेत का २६ काही कळत नाही. स्पिंडल त्यांना रांगेत धरून ठेवतं, तर स्पिंडलच मोडलं पाहिजे.

त्यासाठी कोल्चिसिन वापरतात. स्पिंडलचे धागे ज्या प्रोटीनचे बनतात त्याला ते जाऊन चिकटतं आणि धागा तयार होऊ देत नाही, मग क्रोमोसोम आखूड होऊन पेशीभर विखरून पडतात. आमच्या लॅबमध्ये ते संपलेलं आहे. तसं आपल्याकडं बांधाला येते ती कळलावी, काही लोक खड्यानाग म्हणतात, त्या झाडात कोल्चिसिन असतं. मी सरांना उत्साहात सांगितलं तर सरांनी असं बघितलं की बस. कळलावी विषारी आहे, माणूस मरतो, तिचा कंद उकरायचा विचार पण करू नको म्हणाले. मग दुसरा रस्ता सांगितला, थंडी. शून्याच्या जवळच्या पाण्यात मुळ्या दिवसभर ठेवल्या तरी स्पिंडलचे धागे विरतात.

म्हणजे फ्रीज. म्हणजे मामी.

२३ फेब्रुवारी

रविवार. कालपासून दोन कांदे मुळ्यांसकट बर्फाच्या पाण्यात, फ्रीजमध्ये दह्याच्या शेजारी. सकाळी मामींनी दही काढायला दार उघडलं.

"हे काय आहे?"
"प्रोजेक्ट, मामी."
"दह्याला वास लागला कांद्याचा. कढी कर आता त्याची तूच."

कढी केली. चांगली झाली होती, मामांनी दोनदा घेतली.

दुपारी मुळ्या कापून फिक्स केल्या.

२४ फेब्रुवारी

थंडीनं काम केलं. आज पहिल्यांदा क्रोमोसोम वेगवेगळे दिसले, आखूड, जाड, काही इंग्रजी व्ही सारखे, काही जे सारखे, पेशीभर सांडलेल्या वळवटासारखे. आयपीसला मोबाईल लावून फोटो घेतले, फोटो मोठा करून मोजले.

पहिली पेशी १५. दुसरी १७. तिसरी १६. चौथी १४. पाचवी १६.

तिसऱ्या आणि पाचव्या पेशीपुढं बरोबरची खूण केली, बाकीच्या तीन परत मोजल्या. पहिल्या पेशीत परत मोजल्यावर १६ आले, दोन एकमेकांवर पडलेले होते. दुसरीत पण १६, एक जण वाकला होता त्याला मी दोन समजले होते. चौथीत काही केल्या १४ च, दोन बहुतेक दाबताना पेशीतून बाहेर गेले. पाचातल्या चार १६, म्हणजे काम झालं. मामांना वही दाखवली.

मामा जिनिंगमध्ये मुनीम आहेत. दिवसभर कापसाच्या गाठी मोजतात. वही चष्म्याजवळ धरून म्हणले, "जिथं १६ आले ते परत मोजलेस का?"

नाही मोजले.

"मग ज्या नाही जुळल्या तेवढ्याच का मोजल्या? आमच्याकडं गाठी दोघं जण मोजतात, एकानं दुसऱ्याला आकडा सांगायचा नाही. दोन्ही चिठ्ठ्या झाल्यावर मग ताडायच्या."

मला राग आला आणि मी जेवायला बसले.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. उपवासाला अर्धापूरची केळी. केळीच्या पेशीत ३३ क्रोमोसोम, अकराचे तीन संच. जोड्या लागायच्या वेळी तिसरा मधे उभा, म्हणून परागकण अन् बीजांड धड होत नाहीत आणि केळात बी नाही. कापसाच्या ३९ चं तेच दुखणं. शेतकरी म्हणून तर कंद लावतो, बी कुठून आणणार.

आज वाचन केलं. माणसाचे क्रोमोसोम ४६ हे आपल्याला पाठ आहे पण १९५६ पर्यंत जगभरच्या पुस्तकात ४८ छापलेलं होतं! अमेरिकेत थिऑफिलस पेंटरनं १९२३ ला ४८ हा आकडा दिला. त्यालाही आधी सगळ्यात स्पष्ट पेशींत ४६ च दिसले होते, पण शेवटी तो ४८ वर गेला. त्यानंतर तीसेक वर्षं जो कोणी मोजायचा त्याला ४८ च सापडायचे. १९५२ ला सू नावाच्या शास्त्रज्ञाला अपघातानं लई भारी पद्धत सापडली, पेशी धुवायच्या पाण्यात मीठ कमी पडलं, पेशी फुगल्या आणि क्रोमोसोम छान पसरले. एवढे स्वच्छ पसरलेले क्रोमोसोम बघूनही त्यानं आकडा ४८ च धरला. पुस्तकात तसंच लिहिलेलं होतं ना.

मग डिसेंबर १९५५ मध्ये स्वीडनला, लुंड गावात, जो हिन टिओ आणि अल्बर्ट लेवन ह्यांनी गर्भाच्या फुप्फुसाच्या पेशी घेऊन मोजले आणि ४६ आले, पुढच्या वर्षी छापलं. आणि ह्यातला हा लेवन कोण, तर १९३८ ला कांद्याच्या मुळ्यांवर कोल्चिसिन टाकून काय होतं ते बघणारा! कांद्यावर हात बसलेला माणूस. हे वाचून सरांवरचा राग जरा कमी झाला.

पण मामांचं म्हणणं आता जास्त टोचायलं. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर गोल केलेला १६ आहे.

२८ फेब्रुवारी

विज्ञान दिन. आमच्या ग्रुपनं तार आणि मण्यांचं डीएनएचं मॉडेल केलं होतं, चार फूट उंच, डीएनएच्या चार अक्षरांच्या जोड्या, ए समोर टी आणि जी समोर सी, रंग पण बरोबर. सरांनी लांबूनच बघितलं आणि खिशातून एक स्क्रू काढून टेबलावर ठेवला. म्हणाले ह्याचं वळण बघा अन् तुमचं बघा. आमचं उलटं! बाजारात मिळणारा नेहमीचा स्क्रू उजव्या वळणाचा असतो आणि पेशीतला डीएनए साधारणपणे तसाच. आम्ही डावा पिळला होता. सगळी तार सोडून परत पिळायला दोन तास, त्यात हिरवे मणी सांडले. योगायोग बघा, १९५३ साली वॉटसन आणि क्रिकला केंब्रिजमध्ये ही रचना जुळली तो दिवस पण २८ फेब्रुवारीच. त्यांच्यामागं रोझलिंड फ्रँकलिनच्या लॅबमधला १९५२ चा एक्स-रे फोटो होता. १९६२ ला नोबेल वाटलं गेलं तेव्हा ती जाऊन चार वर्षं झालेली.

तार पिळताना आजोबांची आठवण आली. ते अंबाडीचा दोर वळायचे, एका मर्यादेपुढं पीळ दिला की दोर आपोआप गुंडाळून त्याच्या गाठी-वेटोळी व्हायची. डीएनए पण असाच स्वतःवर वेटोळी घेतो. शिवाय हिस्टोन नावाच्या प्रोटीनचं रीळ असतं, एका रिळाला साधारण १४७ अक्षरांएवढी लांबी, पावणेदोन वेढ्याच्या जरा आत. माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर दोन मीटर. कांद्याचा त्याच्या पाचपट, दहा मीटरच्या वर! कांदा आपल्यापेक्षा हुशार म्हणून नाही, त्यात तीच तीच अक्षरं परत परत आलेली असतात.

मला एक कोडं होतं की एवढा जर गुंडाळून ठेवता येतो तर कायमच का नाही ठेवत, इंटरफेजमध्ये सोडून का देतात. मामांना असंच बोलता बोलता विचारलं. ते म्हणले, "मोकळी रुई कशाला लागते? सूत काढायला. गाठ कशाला बांधतात? पाठवायला. १७० किलोची गाठ बांधली की त्यातून सूत निघत नाही, ट्रकमध्ये मात्र बसते." हे मी प्रोजेक्टच्या वहीत जसंच्या तसं लिहिलं. पेशीला डीएनए वाचायचा असतो तेव्हा तो मोकळा पाहिजे, दोन घरी न्यायचा असतो तेव्हा गाठ. मोकळा तसाच ओढला तर तुटेल, गुंता होईल.

४ मार्च

सरांना कांद्याच्या पाच पेशी दाखवल्या. काही बोलले नाहीत. ड्रॉवरमधून एक बारकी बाटली दिली, आत फिक्स केलेल्या आठ-दहा मुळ्या, चिठ्ठी नाही. "बर्फात ठेवून फिक्स केल्यात. कशाच्या ते सांगणार नाही. मोजून आण."

६ मार्च

मुळ्या कांद्यापेक्षा बारीक. स्लाइड दुसऱ्याच खेपेला जमली, हात बसलाय आता. क्रोमोसोम चांगले मोठे, कापसाचे नक्की नाहीत, हरभऱ्याचे पण नाहीत, ते बारके असतात. एक पेशी लई सुंदर पसरली होती, एकावर एक कोणीच नाही. मोजले. १६. परत मोजले, १६. अजून दोन पेशी बघितल्या, एकीत १५, एकीत १६.

मोठे क्रोमोसोम, संख्या १६, मुळी बारीक. लसूण! लसणाचे पण १६ च असतात. वहीत लिहिलं: संख्या १६, बहुतेक लसूण. उद्या सरांना देणार.

रात्री झोपताना मामांची चिठ्ठी आठवली.

७ मार्च

सरांकडं गेलेच नाही. संध्याकाळी मामाच्या पोराला, पिंट्याला, बसवलं. तो सातवीत. त्याला क्रोमोसोम म्हणजे काय ते सांगितलं नाही, किती आहेत ते सांगितलं नाही, कालच्या सुंदर पेशीचा फोटो कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानातून मोठा छापून आणला होता तो दिला आणि म्हणलं प्रत्येक तुकड्याला स्केचपेननं वेगळा रंग दे अन् मोज. बदल्यात पाणीपुरी.

त्यानं जीभ बाहेर काढून अर्धा तास रंगवलं.

"चौदा."
"नीट मोज."
"चौदाच आहेत ताई."
"हे दोन कुठं गेले मग?" मी बोट ठेवलं.
"ते वेगळे नाहीत. ते ह्याचं डोकं आहे. बारीक मान आहे बघ इथं."

मी म्हणलं मान वगैरे काही नाही, तो डाग आहे. तो म्हणला डाग असता तर दोन्हीकडं सारखाच कसा पडला. मी त्याला म्हणलं तुला काय कळतं. तो रडवेला झाला, मामी आतून ओरडल्या, पाणीपुरी दोन प्लेट झाली.

८ मार्च

सकाळी सात वाजता लॅब उघडायला लावली. तीच स्लाइड, १०० एक्स, तेलाचा थेंब टाकून. बारीक फोकस एक कण पुढं मागं केला की दिसतं: जाड लाल क्रोमोसोम, मग एकदम निमुळती फिकी जागा, जवळजवळ रंग नसलेली, आणि तिच्या पलीकडं लाल गोळा. फोकस जरा हुकला की ती मान नाहीशी होते आणि गोळा सुटा वाटतो. त्याला सॅटेलाइट म्हणतात. ती फिकी जागा म्हणजे जिथं न्यूक्लिओलस (केंद्रकाच्या आतला गडद ठिपका) तयार होतो ती, तिथं क्रोमोसोम घट्ट आवळला जात नाही म्हणून बारीक दिसतो. तिसऱ्या सेमिस्टरला ह्यावर पाच मार्कांचा प्रश्न होता, मी पूर्ण लिहिला होता.

बाकीच्या दोन पेशी पण परत बघितल्या, आणि ह्या वेळी १६ आलेली पण. चौदा. चौदा. असे डोकंवाले एकूण चार सापडले, म्हणजे दोन जोड्या. त्यातल्या दोघांचं डोकं मी अंगालाच धरलं होतं आणि दोघांचं सुटं. का, तर तेवढ्यावर बेरीज १६ होत होती. सगळी डोकी सुटी धरली असती तर १८ आले असते आणि मला शंका तरी आली असती.

१० मार्च

सरांना सांगितलं १४. सर म्हणाले, "कशाचे?" मी म्हणलं कशाचे ते माहीत नाही, पण लसूण नाही. सर म्हणाले जव. पूजेच्या सामानाच्या दुकानातून आणलेले, ओल्या टिपकागदावर दोन दिवसांत मुळ्या फुटतात. (मी मैत्रिणीला फोनवर सांगितलं तर ती म्हणली जवस? तेलाचं? जवस वेगळं बाई, हे घटस्थापनेला पेरतात ते जव.)

वहीचं ६ मार्चचं पान मी रात्री फाडायला घेतलं होतं, ते फाडलं नाही हे बरं झालं, कारण सरांनी वही मागितली आणि तेच पान आधी उघडलं. "संख्या १६, बहुतेक लसूण" ह्याच्यावर एक आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, शेजारी मला १४ लिहायला लावलं आणि तारीख टाकायला लावली. मग म्हणाले मोजणारा दुसरा कोण होता त्याचं पण लिही. लिहिलं: दुसरी मोजणी, पिंट्या, इयत्ता सातवी.

कांद्याच्या पाच पेशींचे फोटो पण आता छापून आणलेत, पिंट्याला देणार. तो ह्या वेळी पाणीपुरी नको म्हणतोय, पावभाजी म्हणतोय.

गावाकडं अण्णांना फोन केला, देशी कापसाची थोडी सरकी पाठवा म्हणलं. किती पाहिजे विचारलं. पन्नास बिया बस झाल्या म्हणलं, तर अण्णा म्हणले, "मोजून पाठवू का ओंजळभर?"